प्रेषितांच्या वाटेवर – लेखांक ९ : हार आणि धोंडे

मागच्या लेखात पौल आणि बर्णबा इकुन्यातून जीव वाचवून निघाले होते. तिथून ते लुस्त्राला पोहोचले. आजच्या तुर्कस्तानात, कोन्या शहराच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर हातुनसराय नावाचं गाव आहे. त्याच्या जवळचं एक टेकाड म्हणजेच जुनं लुस्त्र, हे १८८५ मध्ये तिथे सापडलेल्या कोरीव लेखावरून कळलं.

‘प्रेषितांची कृत्ये’च्या १४व्या अध्यायात लूक तिथली हकिकत सांगतो. जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस पौलाचं बोलणं ऐकत होता. पौलाने त्याला उभं राहायला सांगितलं, तसा तो उडी मारून चालू लागला. देव माणसांच्या रूपात उतरले, असा एकच गलका झाला; तोही लुकवनी भाषेत. बर्णबाला लोकांनी झ्यूस ठरवलं आणि बोलण्यात पुढे असलेल्या पौलाला हर्मेस. झ्यूसच्या देवळाचा पुजारी बैल आणि हार घेऊन आला.

हा उत्साह कुठून आला? शेजारच्या फ्रिजियातली एक कथा रोमन कवी ओव्हिडने लिहून ठेवली आहे. हेच दोन देव वेष पालटून आले, हजार घरांनी त्यांना दारातूनच परतवलं आणि एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याने तेवढा आसरा दिला. पुढे त्या जोडप्याची झोपडी सोडून सगळी वस्ती पाण्याखाली गेली. लुस्त्रकरांच्या मनात ही कथा असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल, तर त्या हारांमागे भक्तीइतकीच धास्तीही होती.

पौल-बर्णबांनी अंगावरचे कपडे फाडले. आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत; पाऊस आणि पीकपाणी देणाऱ्या जिवंत देवाकडे वळा, असं विनवलं. लोक कसेबसे थांबले. मग अंत्युखिया आणि इकुन्यातून आलेल्या काही यहूदी विरोधकांनी जमावाचं मन फिरवलं. पौलावर धोंडे पडले आणि मेला समजून त्याला गावाबाहेर ओढत नेलं.

यात एक गोष्ट नजरेतून निसटते. बरा झालेला माणूस काही पुन्हा पांगळा झाला नव्हता. पुरावा होता तसाच होता, फक्त लोकांचा निकाल फिरला. देवाची करणी त्यांनी आपल्या जुन्या कथेत बसवून पाहिली आणि पाहुण्यांनी ती भूमिका नाकारताच त्यांना पाहुण्यांशी काही देणंघेणं उरलं नाही. २८व्या अध्यायात माल्टा बेटावर नेमकं उलट घडतं. पौलाच्या हाताला साप लागतो तेव्हा तो खुनी ठरतो. काही होत नाही म्हटल्यावर देव! दोन्हीकडे सगळ्यांचे डोळे माणसावर खिळलेले. देव काय करतो आहे, हे विचारायला कोणी थांबत नाही. आपणही दुखणं बरं झालं की देव पावला म्हणतो आणि पुढचं काम अडलं की त्याच तोंडाने त्याला बोल लावतो.

पण लुस्त्र म्हणजे फक्त जमाव नव्हे. धोंडे पडल्यावरही पौलाभोवती शिष्य गोळा झाले. तो उठून त्याच गावात परत शिरला, दुसऱ्या दिवशी दर्बेला गेला आणि परतीच्या वाटेवर या शिष्यांना धीर द्यायला पुन्हा इथे आला. त्याचा पुढचा जिवाभावाचा सोबती तीमथ्य याच गावात भेटला. जल्लोष करणाऱ्या गर्दीतलं एकही नाव लूक नोंदवत नाही. मंडळी उभी राहिली ती टिकून राहिलेल्या या थोड्यांमुळे.

पुढील लेखांक : यरुशलेमेतील सभा आणि परराष्ट्रीयांचा प्रश्न.