हैदराबाद कंटिंजंट

एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने उभारलेली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील सेना. वेतन एका सत्तेने द्यावयाचे व हुकूम दुसरीने, हे तिच्या संघटनेचे मुख्य वैशिष्ट्य होय.

१८०० च्या तहानुसार निजामाने युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ इंग्रजांच्या मदतीस द्यावयाचे होते. शांततेच्या काळात कायम फौज पोसण्याचे बंधन त्यात नव्हते. तथापि रेसिडेंट हेन्री रसेल (कार. १८११–२०) याने कवायती पलटणी उभारल्या. ‘रसेल ब्रिगेड’ या नावाच्या या फौजेने महिदपूरच्या लढाईत (१८१७) भाग घेतला. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याने नांदेड परिसरातील नोव्हाची गढी वेढा घालून नोवसाजी नाईक याजकडून घेतली.

हुकमत : रेसिडेंट हा राजकीय प्रतिनिधी असूनही सेनेवरील अंतिम नियंत्रण त्याच्याकडे होते. त्याच्या हाताखाली लष्करी सचिव असे. ठाण्यावरील ब्रिगेडियरचे आदेश ब्रिगेड-मेजर पलटणींना पोहोचवी. याच शतकात प्रशियामध्ये युद्धयोजना व सैन्याच्या हालचाली आखणारा स्वतंत्र ‘जनरल स्टाफ’ विकसित झाला. त्याचा प्रमुख मोल्टके याच्या कारकीर्दीत प्रशियाने १८६६ व १८७०–७१ ची युद्धे जिंकली. कंटिंजंटची रचना मात्र औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई), एलिचपूर, बोलारम अशा विखुरलेल्या ठाण्यांच्या बंदोबस्तास अनुसरून होती. घोडदळात शिलेदारी पद्धत होती. घोडा व सरंजाम स्वारानेच आणावयाचा असे.

खर्चाचा प्रश्न : फौजेची संख्या व खर्च ठरविणे निजामाच्या हाती नसल्याने वेतन थकत गेले व कंपनीचे कर्ज वाढले. तहान्वये ही कायम फौज बंधनकारक नव्हती, हे लॉर्ड डलहौसी यानेही मान्य केले होते. तरीही १८५३ च्या तहाने किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व ४ तोफखाने ठरवून त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गकडील मुलूख कंपनीच्या ताब्यात देण्यात आला. अशा रीतीने हुकमतीचा प्रश्न अखेर मुलखाचा प्रश्न बनला.

१८५७ मध्ये औरंगाबादच्या घोडदळात उठाव झाला. इतर तुकड्या मध्य हिंदुस्थानात सर ह्यू रोझच्या बाजूने लढल्या. १८६० मध्ये नळदुर्ग व रायचूर निजामास परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिला. १९०३ मध्ये कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात येऊन तिच्या पलटणी हिंदी सैन्यात विलीन झाल्या.