पदार्थ आणि ऊर्जा : नाश व व्यय

वैशाखांतील दुपार. सोलापुरांत पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतो. ओसरीवरील माठांतलें पाणी मात्र थंडगार लागतें. सकाळीं कांठोकांठ भरलेला तो माठ सायंकाळीं, कोणीं पाण्याला हात न लावतांही, थोडा रिता झालेला आढळतो. माठ फुटका नाहीं, गळकाही नाहीं. मग हें पाणी गेलें कोठें, आणि उरलेलें पाणी थंड कसें झालें? पहिला प्रश्न पदार्थाविषयीं आहे, दुसरा ऊर्जेविषयीं. विज्ञानाच्या अभ्यासाचा आरंभ या दोन प्रश्नांपासून करतां येतो. आणि ज्या जिल्ह्यानें पाण्याचें दुर्भिक्ष वारंवार सोसलें, तेथें हे प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकांतले रहात नाहींत.

जें जागा व्यापतें आणि ज्याला वजन असतें, तें पदार्थ होय. दगड व पाणी यांविषयीं कोणालाच शंका नसते. हवेविषयीं मात्र मुलांना संशय वाटतो. तो फेडण्यास एक पेला पुरे. रिकामा पेला उपडा करून सरळ पाण्यांत दाबावा. पाणी आंत पुरतें चढत नाहीं, कारण ती जागा हवेनें आधींच अडविलेली असते. हवेला वजनही आहे. एक मीटर लांब, रुंद व उंच अशा पेटींतली हवा सुमारें १.२ किलो भरते. त्याच पेटींतलें पाणी १,००० किलो भरतें. ठराविक जागेंत किती पदार्थ सामावला आहे, हें सांगणाऱ्या या गुणाला घनता म्हणतात.

पदार्थाच्या घन, द्रव व वायु या तीन अवस्था सर्वांस ठाऊक आहेत. त्यांतील भेद कणांच्या हालचालींत आहे. घनांत कण आपापल्या जागीं थरथरत असतात. द्रवांत ते एकमेकांस धरून सरकतात. वायूंत ते एकमेकांपासून सुटून सैरावैरा धांवतात. उष्णता म्हणजे या धांवपळीची ऊर्जा.

आतां माठाचें कोडें सुटतें. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतें. त्यांतील सर्वांत चपळ कण हवेंत निसटून जातात आणि मंद कण मागें उरतात. चपळ मंडळी निघून गेली म्हणजे उरलेल्यांची सरासरी गति घटते. हेंच थंड होणें. एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास एक कॅलरी उष्णता पुरते. परंतु उकळी फुटल्यावर त्याच एका ग्रॅमाची वाफ करण्यास सुमारें ५४० कॅलरी लागतात. माठावरील पाणी उकळत नाहीं, तरी वाफ होण्याची किंमत त्याला चुकत नाहीं. ती बहुतांशीं आंतल्या पाण्याकडून वसूल होते.

म्हणजे पाणी नाहींसें झालें नाहीं. तें वाफेच्या रूपानें हवेंत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समधील लाव्हाझिए यानें तराजू हातीं घेऊन हीच गोष्ट ज्वलनाविषयीं सिद्ध केली. कोळसा जळून उरलेली राख मूठभर दिसते, म्हणून कोळसा नष्ट झाला असें वाटतें. वस्तुतः १२ किलो कार्बन जळतांना हवेंतील ३२ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. जमाखर्च तंतोतंत जुळतो.

ऊर्जेचा जमाखर्चही असाच आहे. कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढें लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणूं लागले. त्या काळच्या गिरण्यांचीं यंत्रें वाफेवर चालत. कोळशांतील रासायनिक ऊर्जा भट्टींत उष्णता होई. उष्णतेनें पाण्याची वाफ होई. वाफ एंजिनाचा दट्ट्या ढकली, आणि ती गति चाकांवरून व पट्ट्यांवरून चात्यांपर्यंत पोंचे. जुन्या मिलचा भोंगा आतां कायमचा थांबला आहे, परंतु ऊर्जेच्या रूपांतराचा इतका सुबोध धडा शोधूनही सांपडणार नाहीं. १८४० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील ज्यूल यानें खालीं उतरणाऱ्या वजनांकडून पाणी घुसळवून घेतलें आणि दाखविलें कीं, ठराविक कार्यापासून ठराविकच उष्णता मिळते. कमी नाहीं, अधिक नाहीं. १९०५ मध्यें आइन्स्टाइननें तर पदार्थ व ऊर्जा हीं एकाच वस्तूचीं दोन रूपें असल्याचें दाखविलें. मात्र भट्टींत घडणारा हा पालट इतका अल्प असतो कीं, तेथें लाव्हाझिएचा तराजू खोटा ठरत नाहीं.

येथें एक शंका सहजच उद्भवते. पदार्थ नष्ट होत नाहीं, ऊर्जाही नष्ट होत नाहीं. तर मग पाणी जपा, वीज जपा, असा उपदेश कशासाठीं? शंका रास्त आहे. तिचें उत्तर नाश व व्यय या दोन शब्दांतील भेदांत आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यांतील औष्णिक विद्युत्केंद्राचें उदाहरण घ्यावें. तेथें प्रत्येकीं ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ मध्यें व दुसरा २०१९ मध्यें व्यापारी तत्त्वावर चालूं झाला. अशा आधुनिक केंद्रांतही कोळशाच्या उष्णतेच्या शंभर भागांपैकीं सुमारें चाळीसच भागांची वीज होते. बाकीची उष्णता नष्ट होत नाहीं. ती धुराड्यांतून आणि शीतकरणाच्या पाण्यांतून भोंवतालच्या हवेंत पसरते. पसरलेली ही उष्णता गोळा करून पुन्हां यंत्र चालवितां येत नाहीं. शिवाय तिला वाहून नेण्यांत पाण्याचा मोठा भाग वाफ होऊन जातो, आणि तें पाणी उजनीच्या जलाशयांतून आणावें लागतें. वीज वायां गेली म्हणजे तिच्याबरोबर भीमेचें पाणीही गेलें.

पाण्याची गोष्ट अशीच. शहराच्या उत्तरेस हिप्परग्याजवळ १८७१ सालचा एकरुख तलाव आहे. कडक उन्हाळ्यांत अशा तलावाची पातळी केवळ बाष्पीभवनानें रोज कांहीं मिलिमीटर उतरते. एक हेक्टर पृष्ठभागावरून एक सेंटिमीटर थर उडाला, तर १ लाख लिटर पाणी गेलें. तें जगांत आहे, पण सोलापुरांत नाहीं. कोणत्या शिवारावर तें पाऊस होऊन उतरेल याचा नेम नाहीं. त्याला उचलून नेण्यास सूर्याला किती ऊर्जा लागते? एक लिटर पाणी ५० मीटर उंचीवरून खालीं पडतांना जेवढी ऊर्जा देतें, तिच्या सुमारें पांच हजार पट ऊर्जा त्याच पाण्याची वाफ करण्यास लागते. सूर्य ती फुकट पुरवितो. माणसाला तें पाणी परत आणण्याचा खर्च पेलत नाहीं.

तात्पर्य, निसर्गाच्या खातेवहींत कांहींच बुडत नाहीं; बुडतें तें माणसाच्या खातेवहींत. विद्यार्थ्यांनीं याचा पडताळा घरींच घ्यावा. दोन सारख्या वाट्यांत सारखें पाणी मोजून घालावें, एक झांकावी, एक उघडी ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीं दोन्ही पुन्हां मोजाव्या. उघड्या वाटींतील तूट म्हणजे नाश नव्हे, हें ज्याला सांगतां आलें त्याला पदार्थाचा नियम कळला. आणि तें मोजून झाल्यावर घरांतील उघड्या हंड्यावर जो आपण होऊन झांकण ठेवील, त्याला विज्ञान कळलें.