नीरकालका : एका संकरित पुदिन्याची कुळकथा

चटणीसाठी पुदिन्याची जुडी आणावी, पाने खुडावी, देठ कुंडीत खोचावेत आणि थोड्याच दिवसांत त्यांस नवी पालवी फुटावी, एवढा या वनस्पतीशी आपला घरगुती परिचय. परंतु पानाच्या दुकानात ‘पेपरमिंट’ म्हणून मिळणारे जिभेला गार वाटणारे स्फटिक आणि चटणीचा पुदिना यांचा वास एक नव्हे, हे कोणाचेही नाक सांगेल. हे दोन्ही वास दोन निरनिराळ्या जातींचे आहेत. या जातींचा संकर केला तर पोटी येणाऱ्या रोपाला कोणाचा वास लाभेल?

लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेत हा संकर प्रत्यक्ष घडविण्यात आला. या संस्थेचे मूळ १९५९ साली स्थापन झालेल्या औषधी वनस्पतींच्या केंद्रीय संघटनेत आहे. संकराचा एक जनक ‘कालका’ हा जपानी पुदिन्याचा वाण. त्याच्या जातीच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग मेंथॉल असते. दुसरा जनक ‘नीरा’, म्हणजे चटणीच्या पुदिन्याचा वाण. त्याच्या तेलात कार्व्होन हे द्रव्य प्रमुख. दोन्ही नावे जोडून अपत्यास ‘नीरकालका’ म्हटले गेले.

अपत्याच्या अंगी दोन्ही वास निम्मेनिम्मे उतरतील, अशी आपली अपेक्षा असते. तसे घडले नाही. नीरकालकाच्या तेलात कार्व्होनचेच राज्य आहे. मेंथॉल जणू कुळातून हद्दपार झाले.

याचे कारण पानातील सूक्ष्म ग्रंथींत सापडते. दोन्ही जाती लिमोनीन या एकाच द्रव्यापासून आरंभ करतात. लिमोनीनच्या रेणूत कार्बनच्या ६ अणूंचे कडे असते. जपानी पुदिन्यातील एंझाइम त्या कड्याच्या तिसऱ्या अणूवर ऑक्सिजन बसविते. तेथून अनेक पायऱ्यांनी मेंथॉल तयार होते. चटणीच्या पुदिन्यातील एंझाइम सहाव्या अणूची निवड करते आणि दोनच पायऱ्यांत कार्व्होन सिद्ध होते. एकदा सहाव्याकडे वळलेला रेणू मेंथॉलच्या वाटेस परत येत नाही. कोणती वाट धरावयाची हे ठरविणारा गुण प्रभावी आहे, असे अमेरिकेतील एम. जे. मरे यांनी १९६०च्या सुमारास संकरांवरून दाखविले होते. एका जनकाकडून तो मिळाला तरी पुरे.

कार्व्होनचा आणखी एक चमत्कार सांगितल्यावाचून राहवत नाही. बाळंतशेपांतही कार्व्होनच असते. तेच अणू, तीच जोडणी. मात्र उजव्या व डाव्या हातांसारखी उलटी रचना. आपल्या नाकास ती दोन भिन्न द्रव्ये वाटतात.

मेंथॉलचा परिणाम वासाहून वेगळा. ते त्वचा थंड करीत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंतील एका प्रथिनास चेतविते आणि मेंदू फसतो. हे प्रथिन २००२ साली ओळखले गेले. त्या शोधातील डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांस उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील कार्यासाठी २०२१चे नोबेल पारितोषिक मिळाले. नीरकालकाच्या पानात ही फसवणूक जवळजवळ नाही. म्हणून वेदनाशामक मलमास ते तेल निरुपयोगी. दंतमंजन आणि चघळण्याच्या गोळ्या यांस मात्र हवे तेच.

मग हा खटाटोप कशासाठी? लखनौशेजारच्या बाराबंकी जिल्ह्यात गहू वा बटाटा निघाल्यावर आणि भात लावण्यापूर्वी शेतकरी ‘मेंथा’ घेतात, गावातच टाकीत तेल काढतात आणि भाव चढेपर्यंत घरात साठवितात. पण कारखान्यात कृत्रिम मेंथॉलही बनते. त्या स्पर्धेत नैसर्गिक तेलाचा भाव कोसळला की वर्षाची मिळकत बुडते; शिवाय ऐन उन्हाळ्यातील या पिकास वारंवार पाणी द्यावे लागते. जपानी पुदिन्याची जोमदार वाढ आणि चटणीच्या पुदिन्याचे तेल एकाच रोपात आले, तर शेतकऱ्यास दुसरी बाजारपेठ उघडते.

या जोमाची किंमतही आहे. नीरकालका वांझ आहे. खऱ्या पेपरमिंटची कथा अशीच: ९६ व ४८ गुणसूत्रांच्या दोन जातींपासून ७२ गुणसूत्रांचा तो नैसर्गिक संकर झाला. इंग्लंडमध्ये जॉन रे यांनी १६९६ साली त्याची नोंद केली. दोन्ही घराण्यांच्या गुणसूत्रांची सोयरीक नीट जुळत नाही म्हणून बी धरत नाही. बी नाही म्हणून गुणांत फेर पडत नाही, आणि त्याच कारणाने एखादा रोग आला तर सर्व रोपे सारखीच बळी पडण्याचे भय. जमिनीखालचे धुमारे तोडून दर हंगामी पुन्हा लावावे लागतात. ज्या वर्षी ते कोणी लावणार नाही, त्या वर्षी हे कूळ खुंटेल.