विधी, लाभ, ताओ आणि दंड : प्राचीन चीनमधील विचारपंथ

बोईसर किंवा पालघरहून रेल्वेने मुंबईकडे जाताना विरारनंतर नालासोपारा लागते. आजच्या या गजबजलेल्या वस्तीच्या परिसरातच प्राचीन शूर्पारक बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी सापडला. या नवव्या लेखाचा विषय मोठा घरगुती आहे. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ अल्प असते, असे अशोक म्हणतो. दास व सेवकांशी नीट वागणूक, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि ब्राह्मण-श्रमणांना दान हेच त्याच्या मते खरे फलदायी मंगल होय.

चिनी तत्त्वज्ञानाच्या घटकाचा आरंभ सोपाऱ्यापासून का, असा प्रश्न आपणास पडेल. इ. स. पू. तिसऱ्या शतकात हा लेख कोरला गेला, त्या सुमारास चीनमध्येही विधींच्या मोलाविषयी मोठा वाद चालू होता. या दोन घटनांमध्ये काही देवाणघेवाण झाली असे मानण्यास आधार नाही. प्रश्न मात्र एकच होता आणि तो आपल्याही परिचयाचा आहे. लग्नासाठी किंवा बाराव्या-तेराव्यासाठी कर्ज काढावे की नाही, यावर आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाद झालेला असेल.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. चौ राजघराण्याची सत्ता क्षीण झाली आणि चीनमध्ये अनेक राज्ये परस्परांशी लढू लागली. इ. स. पू. २२१ मध्ये छिन राज्याने सर्वांना जिंकेपर्यंत हा काळ चालला. राजांना सल्लागार हवे होते आणि विद्वान एका दरबारातून दुसऱ्या दरबारात फिरत होते. पुढे हान काळात सिमा तान या इतिहासकाराने या विचारवंतांची सहा गटांत विभागणी केली : यिन-यांगवादी, कन्फ्यूशियन, मोहवादी, नामवादी, कायदावादी आणि ताओवादी. सहा हा आकडा पाहून आपणास षड्दर्शने आठवतील, पण साम्य आकड्यापुरतेच आहे. आपल्या दर्शनांत प्रमाण आणि मोक्ष यांना जे स्थान आहे, ते तेथे राज्यव्यवस्था व मानवी आचरण यांना आहे. शिवाय ही नावे बहुतांशी नंतर दिलेली आहेत. ‘मी ताओवादी आहे’ असे म्हणत च्वांग्झी कधी फिरला नाही.

कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१–४७९) याच्या विचारात ‘रन’ म्हणजे माणुसकी आणि ‘ली’ म्हणजे विधी व शिष्टाचार या दोन कल्पना मध्यवर्ती आहेत. ‘ली’ म्हणजे केवळ कर्मकांड नव्हे. वडिलांसमोर कसे बसावे, पाहुण्याला कसे सामोरे जावे, मृताला निरोप कसा द्यावा, हे सर्व त्यात येते. आईवडिलांसाठी तीन वर्षे सुतक पाळण्याची तेव्हा प्रथा होती. एक वर्ष पुरे नाही का, असे एका शिष्याने विचारले. मूल आईवडिलांच्या कडेवरून उतरायलाच तीन वर्षे लागतात, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. या उत्तरात युक्तिवाद थोडा आणि कृतज्ञता अधिक आहे. कन्फ्यूशियसचे बळ तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मोझीला हे मुळीच पटले नाही. तीन वर्षे शेतकरी नांगराला हात लावणार नसेल, तर खाणार काय? संपत्ती मातीत पुरून जिवंतांना काय मिळणार? कोणत्याही आचाराची कसोटी एकच : त्याने सर्व लोकांचा लाभ होतो का? यातूनच त्याने निःपक्ष प्रेमाचा सिद्धान्त मांडला. आपले राज्य, आपले घर असा भेद करू नये, म्हणजे युद्धे थांबतील. तो नुसता बोलला नाही. छू राज्य दुबळ्या सुंग राज्यावर चालून जाणार हे कळताच तो दहा दिवस-रात्र चालत गेला आणि त्याने ते आक्रमण थांबवले, अशी कथा आहे.

मात्र ‘सर्वांचा लाभ’ ही कसोटी दिसते तितकी सोपी नाही. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. वीज अनेकांना मिळाली, घर-अंगण सोडले ते थोड्यांनी. मोझीच्या हिशेबात या थोड्यांचे स्थान कोणते? निःपक्ष प्रेम करणाऱ्याला बाप उरत नाही, अशी कठोर टीका कन्फ्यूशियन परंपरेतील मेन्शियसने मोझीवर केली. आपल्या माणसांवरील, आपल्या गावावरील अधिक माया हा त्याच्या मते दोष नसून नीतीचा उगम आहे.

आता मेंढीची प्रसिद्ध गोष्ट पाहू. एका अधिपतीने अभिमानाने सांगितले, ‘आमच्याकडे बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो.’ कन्फ्यूशियस म्हणाला की आमच्याकडे बाप मुलाला आणि मुलगा बापाला झाकतो, सचोटी त्यातच आहे. कायदावादी हान फेइ याने (मृत्यू इ. स. पू. २३३) नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. बापाचा सुपुत्र हा राजाचा विश्वासघातकी ठरतो, मग राज्य चालणार कसे? राजाने माणसाच्या चांगुलपणावर विसंबू नये. बक्षीस आणि शिक्षा या दोन मुठी हाती धराव्यात आणि नियम सर्वांना सारखा लावावा. (मराठीत ‘विधी’ म्हणजे संस्कारही आणि कायदाही, म्हणून येथे ‘कायदावाद’ हा शब्द वापरला आहे.) बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हजेरी, दंड आणि बोनस यांचे हे तर्कशास्त्र नव्याने शिकवावे लागणार नाही. आपला भाऊ सुरक्षेचा नियम मोडताना दिसला तर काय करावे, हा प्रश्नही त्यांना पुस्तकी वाटणार नाही.

ताओवादी या भांडणातच उतरत नाहीत. च्वांग्झीच्या ग्रंथात एक म्हातारा माळी आहे. तो विहिरीत उतरून घड्याने पाणी आणतो. पाणी उपसण्याची दांडी बसव, शंभर वाफे एका दिवसात भिजतील, असा सल्ला कन्फ्यूशियसचा शिष्य त्याला देतो. यंत्र आले की यंत्रासारखे मन येते, असे माळी सांगतो. दांडी त्याला ठाऊक आहे, पण वापरण्याची लाज वाटते. ‘वू-वेइ’ म्हणजे आळस नव्हे, तर वस्तूंच्या स्वाभाविक गतीवर बळजबरी न करणे. उन्हाळ्यात हंडा घेऊन दूर जाणाऱ्या जव्हार-मोखाड्याच्या बाईला मात्र हा माळी पटेल का, हे विचारावेसे वाटते.

यिन-यांगवादी व नामवादी यांची चर्चा पुढील घटकात येईल.

छिन राज्याने कायदावाद अंगीकारला, सारा चीन जिंकला आणि अवघ्या पंधरा वर्षांत, इ. स. पू. २०६ मध्ये, ते राज्य कोसळले. नंतरच्या हान सम्राटांनी कन्फ्यूशियन ग्रंथांना राजमान्यता दिली, पण छिनची दंडव्यवस्था व नोकरशाही पुष्कळशी तशीच ठेवली.

स्वाध्याय : अशोकाचा नववा शिलालेख कन्फ्यूशियस आणि मोझी यांच्यासमोर वाचला गेला असता, तर प्रत्येकाने त्यातील कोणता भाग मान्य केला असता आणि कोणता नाकारला असता? आपल्या घरातील किंवा गावातील एका विधीचे उदाहरण घेऊन दोनशे शब्दांत लिहा.