लोणारची गोष्ट : लोणारकरांचा नॉर्डलिंगेनमधला पहिला दिवस

मेहकरहून एका वाचकांचं पत्र आलंय. मुलगा म्युनिकला नोकरीला आहे, मेच्या सुट्टीत दोघं नवरा-बायको पहिल्यांदाच युरोपात निघालेत. राजवाडे-बागा मुलगा दाखवणारच आहे. "पण लोणारचं विवर बघत मोठ्या झालेल्या माणसानं तिथं पहिला दिवस कुठं घालवावा?" या प्रश्नाची मी केव्हापासून वाट बघत होतो!

नॉर्डलिंगेन. म्युनिकहून निघायचं, डोनाउव्योर्थला गाडी बदलायची, साधारण दोन तासांत पोचता. जुनी उतरत्या छपरांची घरं आणि गोल तटबंदी बघायला तिथं जगभरातून माणसं येतात. तुम्ही मात्र दुसऱ्याच कामासाठी जायचं. हे अख्खं गाव उल्काघाताच्या विवरात वसलंय. रीस विवर, वय सुमारे दीड कोटी वर्षं, व्यास 24 किलोमीटरच्या आसपास. एक काठ लोणारला धरला तर दुसरा मेहकर ओलांडून जाईल.

सकाळी आधी सेंट जॉर्ज चर्चचा मनोरा चढा. नाव डॅनियल, उंची 90 मीटर, पायऱ्या साडेतीनशेच्या घरात. गुडघे कुरकुरतील, तरी चढा. वर गेलात की खाली लाल कौलांचं गोल गाव दिसतं आणि बहुतेकांची फसगत इथंच होते. तटाचा गोल बघून लोक म्हणतात, हेच ते विवर! तो तट चौदाव्या शतकात माणसांनी बांधायला घेतलेला. विवराचा त्याच्याशी काही संबंध नाही. खरा काठ शोधायचा तर नजर पार क्षितिजापर्यंत न्यावी लागते. तिथं झाडीच्या बुटक्या टेकड्यांची रांग दिसते, ती विवराची कड.

आपल्याकडे उलटं आहे. लोणारच्या काठावर उभं राहिलं की 1.8 किलोमीटरची ती वाटी एका नजरेत मावते. म्हणून तर पर्यटक फोटो काढून अर्ध्या तासात शेगावच्या रस्त्याला लागतात, खाली कमळजा देवीच्या देवळापर्यंतही उतरत नाहीत. एवढं सहज दिसणंच आपल्या विवराला नडतं, असं माझं मत आहे.

वर उभे आहातच तर एक हिशेब करा. तटाचा घेर सुमारे 2.7 किलोमीटर, म्हणजे गाव आरपार 900 मीटरसुद्धा नाही. वेशी, बाजार, चर्च यांसकट ते सगळं लोणारच्या विवरात बसेल. आपला काठ तळ्यापासून 130 मीटरहून उंच असल्यामुळे डॅनियलचं टोकही काठाखालीच राहील.

आता खाली उतरा आणि चर्चच्या भिंतीजवळ जा, अगदी हात पोचेल इतकं. करडा, खरखरीत दगड. त्यात मध्येच काळपट, काचेसारखे चपटे ठिपके. हा सुएव्हाइट. आघातात वितळलेला आणि भुगा झालेला खडक एकत्र बसून घट्ट झाला, तो हा. त्यात हिरेही आहेत, पण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसायचे नाहीत, तेव्हा नखानं खरवडू नका. पंधराव्या शतकात चर्च बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की आपण उल्केनं घडवलेला दगड रचतोय. पुढंही कित्येक पिढ्या भूवैज्ञानिक त्याला ज्वालामुखीचाच माल समजत होते.

1960 साली अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर तिथं आले. ऑटिंगच्या खाणीतले सुएव्हाइटचे तुकडे त्यांनी मायदेशी आपले सहकारी एडवर्ड चाओंकडे पाठवले आणि त्यांत कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्झचं रूप बदलून हे खनिज बनतं, आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी तेवढा दाब नसतो. वाद मिटला.

मग लोणारचं विवरही उल्काघाताचंच, हा निकाल लागायला 1973 का उजाडलं? कारण आपला खडक बसॉल्ट. त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच, तर कोएसाइट कुठून सापडणार? आपल्याकडे साक्ष द्यायला मस्केलिनाइटच हवं होतं, म्हणजे धक्क्यानं काच झालेलं फेल्डस्पार. ते तळ्यात बोअर घेतल्यावर हाती आलं.

दुपार रीसक्रेटर म्युझियमला द्या. सोमवार टाळा, बंद असतं. अपोलो 16 नं चंद्रावरून आणलेला एक दगड नासानं तिथं ठेवायला दिलाय. त्याचं कारण असं की ऑगस्ट 1970 मध्ये अॅलन शेपर्ड, एडगर मिचेल वगैरे चांद्रवीर विवरातले दगड ओळखायला शिकायला रीसमध्येच आले होते. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बसॉल्टची मैदानं. त्यांचा सराव खरं तर आपल्या काठावर व्हायला हवा होता. पण तेव्हा लोणारची केस अजून निकालात निघायची होती!

संध्याकाळी तटावरून पूर्ण फेरी मारा. वर छप्पर आहे, पाऊस आला तरी अडत नाही. आणि मुलगा परतीच्या गाडीची घाई करील, त्याचं ऐकू नका, रात्र तिथंच काढा. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासानं डॅनियलवरचा पहारेकरी खाली हाक देतो. या हाकेमागची दंतकथा सांगते की 1440 मध्ये फितुरांनी वेशीचं दार उघडं ठेवलं होतं. एक डुक्कर त्याला अंग घासायला लागलं, तेव्हा कुठं ते एका बाईच्या लक्षात आलं आणि गाव वाचलं. खरं-खोटं डुकराला ठाऊक. हाक मात्र आजही देतात, आणि ती ऐकायची तर मुक्कामाची खोली तटाच्या आतच घ्या.