मातीचं काम अंगावर घेताना

(रिहे, ता. मुळशी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय मातीविना शेतीचा, म्हणजे हायड्रोपोनिक्सचा आहे. पण सुरुवात तुमच्याच खाचरापासून करू. आपल्या मुळशीत भात कितीतरी दिवस पाण्यात उभा असतो आणि मजेत असतो. त्याच खाचरात टोमॅटोचं रोप लावून बघा, थोड्याच दिवसांत मान टाकेल. आपण म्हणतो पाणी जास्त झालं. खरं तर मुळांना हवा कमी पडलेली असते. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. वरून आलेला ऑक्सिजन त्यातून खाली पोचतो. टोमॅटोला ती सोय नाही.

तेव्हा मातीविना शेती म्हणजे झाड पाण्यात बुडवून ठेवणं नव्हे. एका पद्धतीत उतारावर ठेवलेल्या पाइपातून पाण्याचा पातळ थर वाहत राहतो. मुळांचा खालचा भाग ओला, वरचा हवेत. दुसऱ्या पद्धतीत रोपं तरंगत्या तक्त्यावर असतात आणि टाकीतल्या पाण्यात पंपाने हवा सोडतात. तिसरी म्हणजे कुंडीत नारळाचा भुसा, कोकोपीट, भरून ठिबकने खत देणं. आपल्या भागात पॉलिहाऊसमध्ये जरबेरा घेणाऱ्यांना ही तिसरी पद्धत नवी वाटणार नाही.

ही कल्पना कालपरवाची नाही. इंग्लंडात जॉन वुडवर्ड यांनी १६९९ मध्ये पुदिना वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिला. पावसाच्या शुद्ध पाण्यात तो जेमतेम वाढला आणि बागेतली माती ढवळलेल्या पाण्यात सगळ्यात जोमाने. मातीतलं नेमकं काय लागतं, हे १८६०च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी दाखवलं: पाण्यात विरघळलेले मोजके क्षार. 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केलं ते कॅलिफोर्नियाच्या गेरिक यांनी, १९३०च्या दशकात. आणि आपल्या देशात १९४६ साली कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी खडी-वाळूच्या वाफ्यांत साध्या साधनांनी प्रयोग सुरू केले. त्यांची पद्धत पुढे 'बेंगॉल सिस्टिम' म्हणून ओळखली गेली. महागडी यंत्रं असल्याशिवाय हे होतच नाही, असं कुणी सांगितलं तर डग्लस आठवा.

आता मुद्द्याचं. विकणारा माणूस सांगतो, 'माती नाही, म्हणजे कटकट नाही.' तण नाही, खुरपणी नाही, पाणी फिरवून वापरल्यामुळे बचत मोठी. हे सगळं खरं आहे. पण माती रोज गुपचूप जी कामं करत होती, ती आता कोण करणार? तुम्ही!

युरियाचंच बघा. शेतात युरिया टाकला की झाड तो आहे तसा फारच थोडा घेतं. मातीतले जिवाणू आधी त्याचा अमोनियम करतात, मग नायट्रेट, आणि ते झाड उचलतं. पाइपात हे जिवाणू पुरेसे नसतात. म्हणून तिथे नत्र बहुतेक नायट्रेटच्याच रूपात द्यावं लागतं. कुणी म्हणेल, आमच्याकडे ठिबकचं १९:१९:१९ आहे की. त्यातलं बरंचसं नत्र युरियाचं असतं आणि कॅल्शियम तर नसतोच. शेतात ते चालतं, कारण उरलेलं माती भरून काढते. झाडाला सतरा मूलद्रव्यं लागतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही तीन हवापाण्यातून येतात. उरलेली चौदा तुमच्या टाकीत हवीत. एखादं विसरलात तर झाड ते दुसरीकडून शोधून आणू शकत नाही, मुळं पसरायला जागाच नाही.

बरं, सगळी खतं एकाच ड्रममध्ये घट्ट कालवलीत तर कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटची गाठ पडून तळाशी जिप्सम बसतं. फॉस्फेटचंही तेच. खत विकत घेतलं, पण झाडाला मिळालं नाही. म्हणून 'ए' आणि 'बी' असे दोन ड्रम वेगळे ठेवतात आणि भरपूर पाण्यात एकेक करून मिसळतात. सामू साधारण साडेपाच ते साडेसहा लागतो. मातीत तो हळूहळू बदलतो. टाकीत दोन दिवसांत सरकतो. सामूचं आणि क्षारांचं मीटर खिशात हवं, आणि बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी ते तपासून घ्या.

उन्हाळ्याचं वेगळंच. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशांना साडेसात. म्हणजे पाणी तापलं की हवा कमी, आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियम बुरशीला मोकळं रान. त्यात लाईट गेली तर पाइपातल्या रोपांना काही तासच हातात असतात. शेतातलं पीक चार दिवस थांबतं, हे थांबत नाही. पंपाला बॅटरी किंवा जनरेटर हा खर्च कोटेशनमध्ये आहे का, तेवढं बघा.

आता चाऱ्याकडे येतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओ पाहिलेत: एक किलो मका, सात दिवस ट्रेमध्ये, पाच-सहा किलो हिरवा चारा. ते खोटं नाही. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्रात यावर बराच अभ्यास झाला आणि वाढीचा आकडा असाच मिळाला. पण आपण हिशेब करू. दहा किलो मक्यात ओल बारा टक्के धरली तर कोरडा भाग ८.८ किलो. त्यातून समजा ५५ किलो चारा झाला. त्यात कोरडा भाग साधारण साडेतेरा टक्के, म्हणजे ७.४ किलो. वाढलं ते पाणी. कोरडा भाग उलट सव्वा-दीड किलोने घटला, कारण कोंब फुटताना दाणा स्वतःचाच साठा जाळतो. चारशे किलोच्या गायीला दिवसाला सुमारे बारा किलो कोरडा भाग लागतो. तो फक्त या चाऱ्यातून द्यायचा तर रोज नव्वद किलो चारा हवा.

मग उपयोग नाही का? आहे. हा चारा कोवळा, पचायला हलका, आणि किलोला दोन-तीन लिटर पाण्यात तयार होतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. जिथे ना रान आहे ना पाणी, तिथे असा थोडा हिरवा घास कोरड्या वैरणीबरोबर देणं मोलाचं. पण मुळशीत पावसाळ्यात बांधावर गवत फुकट उगवतं. त्या दिवसांत ट्रे लावणं मला तरी पटत नाही. दमट हवेत त्याला बुरशी लागते, आणि बुरशी आलेला ट्रे जनावराला घालायचा नाही, सरळ फेकायचा. बियाणं म्हणून विकला जाणारा, औषध चोळलेला रंगीत मका तर अजिबात वापरू नका.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: 'सर, मग इंद्रायणी भात पाइपात घेता येईल का?')

ताई, येईल, पण परवडणार नाही. या पद्धतीत जे लवकर तयार होतं, ताजंच विकतं आणि किलोला चढा भाव घेतं, तेच टिकतं: लेट्यूस, बेसिल, काही रंगीत भाज्या. त्यांचं गिऱ्हाईक पुण्यातलं हॉटेल. पाइपाचं कोटेशन मागवण्याआधी त्या हॉटेलवाल्याकडे जा आणि आठवड्याला किती किलो घेणार, पावसाळ्यातही घेणार का, हे विचारून या.

('आणि शिकायचं कुठे?')

तळेगाव दाभाडेला पणन मंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, हरितगृहाचं शिक्षण तिथे मिळतं. आणि घरी आधी एकच टब करा. वीस रोपं, एक मीटर, मत्स्यालयाचा हवा सोडणारा छोटा पंप. एप्रिल-मेमध्ये ती वीस जगवून दाखवा, मग कर्जाचं बोलू.