एबोनाइटची कांडी आणि शाईचे दोन थेंब

घरच्या लेथवर फाउंटन पेन घडवणाऱ्या हौशी मंडळींचा ओढा बऱ्याचदा एबोनाइटकडे असतो. नैसर्गिक रबरात सुमारे 30 टक्के गंधक मिसळून बराच वेळ तापवले की हा टणक पदार्थ तयार होतो. लेथवर त्याचा कीस निघू लागला की खोलीभर गंधकाचा वास सुटतो. घरच्यांची हरकत रास्तच म्हणायची. कांडी कापायची, आतून पोखरायची, टॅप आणि डायने आटे पाडायचे, मग पॉलिश पेपरने घासत बसायचे. निब आणि तिच्याखालची जीभ मात्र बहुतेक जण तयारच आणतात.

खरी करामत त्या जिभेत आहे. तिच्यातल्या बारीक चिरांतून केशाकर्षणाने शाई निबेकडे ओढली जाते आणि जेवढी शाई बाहेर पडते, तेवढी हवा आत शिरते. हा व्यवहार बिघडला की पेन एक तर रुसते, नाहीतर ओकते. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात ओकण्याची भीती जास्त. समजा, नळी बरीच रिकामी झाली आहे आणि आत 3 मिलिलिटर हवा आहे. हाताच्या उबेने ती 10 अंशांनी तापली, तर साधारण 0.1 मिलिलिटरने फुगते आणि तेवढी शाई पुढे ढकलते. म्हणजे दोनेक टपोरे थेंब, तेही नेमके सही करताना! एबोनाइट उष्णतेचा मंदवाहक आहे. शिवाय नळीची भिंत जाड ठेवली, तर ऊब आत उशिरा पोहोचते. त्याहून सोपा उपाय म्हणजे शाई संपत येण्याआधीच नळी पुन्हा भरणे.